तीव्र यकृतविकार : कारणे आणि धोक्याची लक्षणे

यकृत ही मानवी शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन साधारणतः १.२ ते १.५ किलो असते. पित्त तयार करणे, रक्तातील साखरेचा समतोल राखणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने निर्माण करणे आणि अमोनियासारखी विषारी द्रव्ये निकामी करणे ही तिची प्रमुख कार्ये होत. निरोगी यकृताला अल्पावधीत गंभीर इजा झाली, तर ही सर्व कार्ये एकाच वेळी कोलमडतात. आपल्याकडे अशा आजाराला सरसकट ‘कावीळ’ म्हटले जाते. वस्तुतः कावीळ हे लक्षण आहे, रोग नव्हे.

कारणे

विषाणू : भारतात तीव्र यकृतदाहाचे हे प्रमुख कारण आहे. ‘ए’ आणि ‘ई’ विषाणू दूषित पाणी व अन्नातून पसरतात. दिल्लीत १९५५-५६ मध्ये पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती; ती ‘ई’ विषाणूमुळे झाल्याचे पुढे स्पष्ट झाले. गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत ‘ई’ची लागण विशेष घातक ठरते. ‘बी’ विषाणू रक्त, असुरक्षित सुया, लैंगिक संबंध आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाला संक्रमित होतो.

औषधे : पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सुरक्षित आहे, मात्र अतिमात्रा यकृताच्या पेशी नष्ट करते. पहिल्या दिवशी केवळ मळमळ जाणवते आणि रुग्ण बरा वाटू लागतो, तोच दोन-तीन दिवसांत यकृताची हानी उघड होते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड या औषधांनीही काही रुग्णांत यकृतदाह होतो. घटकद्रव्ये ठाऊक नसलेली चूर्णे व काढेही निर्धोक मानता येत नाहीत.

अन्य कारणे : पिवळा फॉस्फरस असलेले उंदीर मारण्याचे औषध, विषारी अळंबी, अतिमद्यपान, डेंगी, लेप्टोस्पायरोसिस, तसेच शरीरात तांबे साचणारा विल्सन विकार.

प्रारंभीची लक्षणे

भूक मंदावणे, अन्नाची शिसारी, मळमळ, बारीक ताप, थकवा आणि उजव्या बरगडीखाली दुखणे ही लक्षणे प्रथम दिसतात. त्यानंतर लघवी गडद पिवळी होते व डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. विषाणूजन्य काविळीत डोळे पिवळे झाल्यावर बहुधा ताप उतरतो व भूक परतू लागते. तसे न होता उलट्या वाढल्यास सावध व्हावे.

धोक्याच्या खुणा

- दिवसा गुंगी व रात्री जागरण, चिडचिड, असंबद्ध बोलणे, हातांची थरथर
- हिरड्या किंवा नाकातून रक्तस्राव, काळी शौचास होणे
- सतत उलट्या, लघवीचे प्रमाण घटणे
- पोट फुगणे, पायांवर सूज

यांपैकी पहिली खूण सर्वांत गंभीर होय. मेंदूवर परिणाम होऊ लागल्याचे ते चिन्ह असून, काही तासांतच रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. ‘अशक्तपणामुळे झोपला आहे’ असा समज जिवावर बेतू शकतो. अशा रुग्णाला विनाविलंब अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात हलवावे.

तपासणी व उपचार

बिलिरुबिन व एसजीपीटीसोबत रक्त गोठण्याचा कालावधी (प्रोथ्रॉम्बिन टाइम) आणि रक्तशर्करा तपासणे आवश्यक असते. एसजीपीटी घटले, परंतु बिलिरुबिन व गोठण्याचा कालावधी वाढत राहिला, तर ती सुधारणा नसून यकृताच्या पेशी संपत आल्याचे लक्षण असू शकते. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. काही रुग्णांत यकृत प्रत्यारोपण हाच पर्याय उरतो.

बहुतांश विषाणूजन्य कावीळ विश्रांती व पुरेशा आहाराने आपोआप बरी होते. कावीळ ‘उतरवण्याच्या’ उपायांना यश आल्याचे भासते, ते याच कारणामुळे. तथापि, गंभीर रुग्णाचे मोलाचे तास त्यात वाया जातात.

प्रतिबंध

पाणी उकळून प्यावे, विशेषतः पावसाळ्यात. ‘ए’ व ‘बी’ विषाणूंवर लस उपलब्ध असून, ‘बी’ची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात बालकांना मोफत दिली जाते. डॉक्टरांच्या सल्ल्याविना वेदनाशामके दीर्घकाळ घेऊ नयेत. क्षयरोगाची औषधे घेताना डोळे पिवळे दिसल्यास वा उलट्या सुरू झाल्यास त्याच दिवशी उपचार केंद्राशी संपर्क साधावा.