वई, गडगा आणि दीड मीटरची भिंत

कुंपण हा विषय तसा रुक्षच. पण गोव्यातल्या कुठल्याही गावच्या ग्रामसभेत जाऊन बसा, कुंपणाची एखादी तक्रार कानावर पडतेच. म्हणून वाटले, या कुंपणाचा इतिहास थोडा उलगडून पाहावा.

आपल्याकडे जुने कुंपण म्हणजे वई. काट्याकुट्यांची, बांबूच्या शिरांची. जनावरांपासून पीक वाचवावे एवढेच तिचे काम. पावसात ती कुजायची, म्हणून दरवर्षी नव्याने घालावी लागे. कुठे मोगली एरंडाच्या फांद्या रोवल्या की त्यांचीच जिवंत वई होई. जिथे दगड मुबलक तिथे गडगा: मातीचुन्याशिवाय एकावर एक रचलेला. वाट आडवी आली तर गडग्यात दोन-चार दगड पुढे काढून पायऱ्या केलेल्या असत. गुरे अडत, माणूस जाई. माझ्या मते वईचा आणि गडग्याचा सगळा शहाणपणा या पायऱ्यांत आहे.

पोर्तुगीज अमदानीत शेजारधर्म कायद्याच्या पुस्तकात आला. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. आपल्या जमिनीला कुंपण घालण्याचा मालकाचा हक्क त्याने मान्य केला. त्याचबरोबर हद्दीला लागून भिंत उभारणाऱ्यावर बंधनही घातले: शेजाऱ्याच्या जागेकडे थेट उघडणारी खिडकी किंवा सज्जा ठेवायचा तर मध्ये दीड मीटर अंतर सोडा. उजेडापुरती छोटी झरोकी चालत, पण शेजाऱ्याने उद्या भिंत उंच करून ती बुजवली तर तक्रार करायची सोय नव्हती. या कायद्याला चिंता होती ती नजरेची. कोण कुणाच्या घरात डोकावतो, याची.

मुक्तीनंतर बांधकाम परवाने, नगरनियोजन, पंचायती आल्या. कुंपणाची उंचीही आकड्यांत बसली. २०१० च्या गोवा जमीन विकास व बांधकाम नियमावलीने रस्त्याकडच्या भिंतीला दीड मीटरची मर्यादा घातली. त्यातही खालचे ९० सेंटीमीटर तेवढे भरीव, वरचा भाग जाळीचा किंवा मोकळा. बाजूच्या आणि मागच्या हद्दीला १.८० मीटरपर्यंत पूर्ण भरीव भिंत चालते, पण रस्त्यापासून पहिल्या तीन मीटरांत तीही दीड मीटरच्या वर नको.

हे आकडे नीट पाहा. शेजाऱ्याकडे पाठ केलेली चालेल, पण रस्त्याकडे नजर मोकळी ठेवा, असाच त्यांचा अर्थ निघतो. आपल्या जुन्या घरांचे बाल्कांव आठवा. सोप्यावर बसून वाटसरूशी दोन शब्द बोलायचे तर मध्ये पुरुषभर भिंत असून कसे भागेल?

पण उंचीच्या नियमाने सगळा प्रश्न सुटत नाही. खरा वाद असतो वाटेचा. वाड्यावरून विहिरीकडे, देवळाकडे, शेताकडे, मसणवटीकडे जाणाऱ्या पायवाटा पिढ्यान्पिढ्या कुणाच्या ना कुणाच्या जमिनीतून गेल्या आहेत. कागदावर जमीन एकाची, पायाखालची वाट सगळ्यांची. म्हणूनच बांधकामाच्या परवान्यात एक अट सर्रास आढळते, पारंपरिक वाट अडवू नये. जमीन विकली जाते, नवा मालक दूरचा असतो, त्याला गडग्यातल्या पायऱ्या म्हणजे मोडकळ वाटते. तो त्या काढतो आणि सरळ चिऱ्याची भिंत बांधतो. भिंत दीड मीटरचीच असते, नियमात चोख बसणारी. पण पलीकडच्या म्हातारीला विहीर गाठायला आता अख्खा वाडा वळसा घालून जावे लागते.

भिंत किती उंच, हे टेप लावून मोजता येते. तिच्यात वाट ठेवली आहे की नाही, हे मात्र गावानेच पाहायला हवे. तुमच्या गावात अशा पायऱ्यांचा गडगा अजून उभा असेल तर त्याची वाट कुठून कुठे जाते ते जाणत्यांना विचारून लिहून ठेवा. वाद पंचायतीत गेलाच तर ती नोंद उपयोगी पडेल.