नैसर्गिक मारक पेशींचे ग्राही
रक्तात व प्लीहेत संचार करणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी या लसीका पेशी, निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर असावयास हवे ते ऊतक-अनुरूपता प्रथिन जागेवर आहे की नाही याची तपासणी करतात आणि विषाणूने वा कर्करोगाने ते नाहीसे केले असता त्या पेशीवर चालून जातात, हा मूलगामी विचार स्वीडनच्या क्लास कारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी पुढे मांडला. मानवात हे काम मुख्यतः ‘किर’ ग्राहींकडे सोपविलेले असून त्यांची सूक्ष्मदृष्टी खरोखर विस्मयकारक आहे : एचएलए-सी या ऊतक-अनुरूपता प्रथिनाच्या ८० व्या स्थानी अ‍ॅस्परजीन हे अ‍ॅमिनो अम्ल असेल तर किर-२डीएल३, आणि लायसीन असेल तर किर-२डीएल१ त्यास बद्ध होतो, ही निवडही प्रामुख्याने ग्राहीच्या स्वतःच्या ४४ व्या स्थानावरील एकाच अ‍ॅमिनो अम्लावर अवलंबून असते. बंध जुळताच ग्राहीच्या अंतर्भागातील टायरोसिनास फॉस्फेट जडते, एसएचपी-१ हे विकर तेथे दाखल होते आणि हल्ल्याचा हुकूम तहकूब होतो. एनकेजी२ए हा निराळ्या घडणीचा ग्राही एचएलए-ई प्रथिनाची अशीच पाहणी करतो. किरची जनुके १९ व्या गुणसूत्रावर, तर एचएलएची ६ व्या गुणसूत्रावर असल्याने दोहोंचा वारसा स्वतंत्रपणे उतरतो. परिणामी एखाद्या व्यक्तीत किर ग्राही असूनही तो ज्यास बद्ध होतो ते एचएलए प्रथिन नसते, आणि अस्थिमज्जारोपणात दात्याची निवड करताना हा भेद विचारात घ्यावा लागतो.