शॉकअपची गळती : पुढच्या फोर्कचा इतिहास आणि दुरुस्ती



जुन्या येझदीच्या पुढच्या फोर्कवर तेलाचे ओघळ दिसले, की गॅरेजमध्ये निदान ठरलेले असते : 'शॉकअपचे सील गेले.' सील बदलले जाते आणि काही दिवसांत तेल पुन्हा दिसते. असे का होते, ते या टिपणात पाहू.

१. तेल कुठून आले?

पूर्वी अनेक मोटरसायकलींना गर्डर फोर्क असे. स्प्रिंगची उसळी घर्षणाच्या चकत्या आवरत. त्यात तेल नव्हते, म्हणून तेलाची गळतीही नव्हती. १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर-१२ वर तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क आणला. बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते, धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. यालाच डॅम्पिंग, म्हणजे अवमंदन म्हणतात. आता सरकत्या पाइपभोवती तेल अडवणे भाग पडले. ते काम सीलकडे आले.

२. आपल्याकडे

१९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. म्हैसूरच्या आयडियल जावाचे उत्पादन १९६१ मध्ये सुरू झाले, १९९६ मध्ये थांबले. मी शिकवतो ती इलेक्ट्रॉनिक सिटी केऑनिक्सने १९७८ मध्ये वसवली. तिथून होसूर रस्त्याने पुढे गेले, की होसूर लागते. तिथे १९८४ मध्ये इंड-सुझुकी बनू लागली. कारखाने वेगवेगळे, पण फोर्कचे तत्त्व एकच.

३. दोष कुठे शोधाल?

सीलची रबरी कड क्रोमच्या गुळगुळीत पाइपवर टेकलेली असते. पावसाने, चिखलाने क्रोमखाली गंज धरतो आणि बारीक खड्डे पडतात. प्रत्येक हालचालीत हे खड्डे रबर कापतात. अशा पाइपवर नवे सीलही टिकत नाही.

म्हणून आधी पाइप पुसा व त्यावरून नख फिरवा. सील सरकते त्या भागात नख अडले, तर हार्ड क्रोम व ग्राइंडिंग करून घ्या किंवा पाइप बदला. म्हैसूरचा कारखाना बंद असल्याने येझदीवाले बहुधा पहिला मार्ग धरतात. पाइप वाकलेला नाही ना, तेही तपासा. दोन्ही पायांत पुस्तिकेत दिलेले तेल सारखेच भरा. जास्त भरल्यास दाब वाढून सील पुन्हा सुटते.

हे काम पुढे ढकलू नका. तेल ब्रेकच्या लायनरवर गेले, तर ब्रेक धरत नाही. तेल संपले, तर खड्ड्यावर चाक उडते.

स्वाध्याय : गर्डर फोर्कमध्ये चकत्या झिजत, टेलिस्कोपिक फोर्कमध्ये सील झिजते. यांपैकी कोणती झीज लवकर लक्षात येईल? कारण द्या.