वस्त्रप्रघात आणि त्वचेचा कर्करोग : एका निदानाचा इतिहास

कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर जी युगुलशिल्पे कोरलेली आहेत, त्यांतील स्त्रीपुरुषांच्या कमरेला गुंडाळलेले वस्त्र व त्यावरील कंबरपट्टे आजही ओळखू येतात. न शिवलेले वस्त्र कमरेशी आवळून नेसण्याचा प्रघात या प्रदेशात निदान दोन हजार वर्षांचा आहे, याची ही साक्ष होय. मावळातील शेतकऱ्याचे धोतर व स्त्रियांचे नऊवारी लुगडे ही त्याच परंपरेतील. अशा निरुपद्रवी प्रघाताचा संबंध त्वचेच्या एका दुर्मिळ कर्करोगाशी कसा जोडला गेला आणि त्यात सूक्ष्मदर्शकाचा वाटा किती होता, हे पाहणे उद्बोधक आहे.

राहणी आणि कर्करोग यांचा संबंध दाखविण्याचा मान लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांच्याकडे जातो. धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशावर होणाऱ्या कर्करोगाचे कारण काजळी असल्याचे त्यांनी १७७५ मध्ये सांगितले. परंतु ते निदान उघड्या डोळ्यांचे होते. अर्बुद हेही पेशींचेच बनलेले असते, हे योहानेस म्यूलर यांनी १८३८ मध्ये दाखविल्यानंतरच सूक्ष्मदर्शकाला निदानात स्थान मिळाले. काश्मिरात पोटाशी कांगडी धरणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाची नोंद एल्म्स्ली यांनी १८६६ मध्ये केली.

महाराष्ट्रातील प्रकरण याच मालिकेतील आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले व तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. त्यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’ या नियतकालिकात प्रघातांशी निगडित अशा तीन भारतीय कर्करोगांचे वर्णन केले. चुट्टा, खैनी आणि धोतर ही त्यांची तीन निमित्ते होत. घट्ट कासलेल्या वस्त्राने कमरेची त्वचा वर्षानुवर्षे घासली जाते, तिचा रंग पालटतो, ती जाड होते, व्रण पडतो आणि क्वचित त्या व्रणात कर्करोग उद्भवतो.

अशा व्रणाचा छेद तपासताना खरी कसोटी लागते. बाह्यत्वचेच्या पेशी खालच्या थरांत घुसलेल्या, त्यांची केंद्रे मोठी व गडद, विभाजने अस्वाभाविक आणि मधूनमधून केराटिनाचे मोती, ही स्क्वॅमस कर्करोगाची लक्षणे होत. तथापि जुनाट व्रणाच्या काठाची त्वचा कर्करोग नसतानाही वाढून खाली उतरते व फसविते. व्रणाच्या मध्यभागी बहुधा मृत ऊतकच हाती लागते. म्हणून तुकडा काठाचा व पुरेसा खोल घ्यावा लागतो.

निदान झाले तरी काचेवरील पेशी कारण सांगत नाहीत. धोतराचा कर्करोग, कांगडीचा कर्करोग आणि अन्य जुनाट व्रणांत उद्भवलेला कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली बहुतांशी सारखेच दिसतात. कारणाचा उलगडा व्रणाच्या जागेवरून आणि रुग्णाच्या नेसण्याची चौकशी केल्यावरच होतो. खानोलकरांच्या शीर्षकातील ‘प्रघात’ या शब्दाचे महत्त्व येथे आहे.

नावाचा प्रश्न मात्र येथे संपत नाही. ‘धोतराचा’ म्हटलेला हा रोग पुढे ‘साडीचा कर्करोग’ म्हणूनही नोंदला गेला. २०२४ मध्ये वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध करताना, दोष साडीकडे नसून परकराच्या नाडीकडे आहे, असे सुचविणारे नाव पुढे केले. परंतु त्यांपैकी एक स्त्री परकराविनाच लुगडे घट्ट नेसत असे. यावरून दिसते की धोतर, साडी वा परकर यांपैकी कोणतेही एक नाव पुरे पडत नाही. तिन्हींत समान आहे तो एकाच जागी दीर्घकाळ पडणारा काच. नाव वस्त्राचे राहिले, तर परकर न वापरणारी स्त्री स्वतःला निर्धास्त समजेल आणि वैद्यही तिच्या कमरेवरील न भरणाऱ्या व्रणाकडे साधी जखम म्हणून पाहील. मराठीत ‘काच’ हा शब्द आवळण्याच्या वळालाही आहे आणि सूक्ष्मदर्शकाखालील पट्टीलाही; या रोगाच्या निदानाला दोन्हींची साक्ष लागते.