पडाव आणि टपाल

एस्प्लनेडहून पश्चिमेस हुगळीकाठी गेलो की आम्हां कोकणस्थांना आगबोट आठवतेच. या नदीत १८२३ साली ‘डायना’ ही वाफेची नौका उतरली. पुढे कोकणकिनाऱ्यावर आगबोटींनी माणसे, माल आणि टपाल एकत्र वाहिले. बहुतेक बंदरांस धक्का नसे. बोट खोल पाण्यात थांबे, पडाव तिला जाऊन भिडत. चाकरमान्याचे पत्र घरी पोहोचे ते असे. पावसाळ्यात या फेऱ्या बंद होत. रेवसची जवळची वाट तेवढी चालू राही. तिच्यावरच १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेंहून अधिक जीव गेले. तरीही किनाऱ्याने बोट सोडली नाही. डोंगर आणि खाड्यांच्या त्या मुलखात रेल्वे पुरी व्हायला १९९८ साल उजाडावे लागले.