राव, पी. व्ही. नरसिंह : परराष्ट्र धोरणातील कारकीर्द

राव, पामुलपर्ती वेंकट नरसिंह (२८ जून १९२१ – २३ डिसेंबर २००४). भारताचे माजी परराष्ट्रमंत्री व पंतप्रधान. जन्म तेलंगणातला, पण कायद्याचे शिक्षण नागपूर विद्यापीठात झाले. १९८४ मध्ये हनमकोंड्यात ते पडले, तेव्हा विदर्भातल्या रामटेकने त्यांना लोकसभेत पाठवले. १९८९ मध्येही तेथूनच ते निवडून आले. मराठी त्यांना उत्तम येई. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला.

इंदिरा गांधींनी जानेवारी १९८० मध्ये परराष्ट्र खाते त्यांच्याकडे दिले. जुलै १९८४ पर्यंत ते त्यांच्याकडे होते. १९८३ ची अलिप्त राष्ट्रांची दिल्ली परिषद याच काळातली. १९८८-८९ मध्ये, राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात, ते पुन्हा या खात्यावर आले.

जून १९९१ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी आटली होती आणि वर्षअखेरीस सोव्हिएत संघच उरला नाही. ऑगस्टमधल्या मॉस्कोतील बंडावर त्यांनी घाईने केलेले भाष्य चुकलेच. बंड तीन दिवसांत कोसळले. पुढची पावले मात्र तोलूनमापून पडली. सप्टेंबरात ते नुकत्याच एकत्र आलेल्या जर्मनीला गेले. पूर्व आशियाकडे वळण्याचे धोरणही त्यांचेच.

इस्रायलला भारताने १९५० मध्येच मान्यता दिली होती, पण चार दशके त्या देशाची वकिलात म्हणजे मुंबईतले वाणिज्य दूतावासाचे कार्यालय, एवढेच. कोकणातून तिकडे गेलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांना हा दुरावा जवळून जाणवणारा होता. जानेवारी १९९२ मध्ये रावांनी आधी पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांना दिल्लीत बोलावून घेतले आणि मगच, २९ जानेवारीला, इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जाहीर केले. जुना मित्र न दुखावता नवा जोडण्याची ही हातोटी त्यांच्या साऱ्या कारभारात दिसते. चीनबरोबरच्या ७ सप्टेंबर १९९३ च्या बीजिंग करारात सीमावाद न सोडवताही प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्याचे दोन्ही देशांनी मान्य केले. त्याच महिन्यात ते इराणलाही जाऊन आले.

या भेटींचे मोल १९९४ मध्ये कळले. काश्मीरवरून भारताविरुद्धचा ठराव पाकिस्तानने जिनीव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे आणला होता. रावांनी भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे सोपवले. सोबत सलमान खुर्शीद आणि फारूक अब्दुल्ला होते. परराष्ट्रमंत्री दिनेश सिंह गंभीर आजारी असतानाही रावांचे पत्र घेऊन तेहरानला गेले. इराण आणि चीन या दोघांनीही ठरावाला साथ दिली नाही, आणि मतदानापूर्वीच पाकिस्तानला तो मागे घ्यावा लागला.