वेताळ परत येतोय म्हणे!

मंडळी, आज रस्ते, खड्डे, मच्छीमारांचे परतावे सगळं बाजूला ठेवतोय. पोस्ट लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

परवा बाजारात एका पोरानं मला अडवलं. वीस-बावीस वर्षांचा, चित्रकला शिकतोय. "दादा, पाच मिन्टा हत काय?" म्हणाला आणि मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर कॉमिक्सची बारा पानं. तटावर उभा असलेला मुखवटेवाला माणूस, मागे समुद्र, बोटात कवटीची अंगठी. तट आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचा आहे हे कुणालाही कळावं इतका हुबेहूब. "मराठीत वेताळ परत काढूया. एक अंक न्हय, आख्खी मालिका. तुमी पेजवर लिवा. आणि तुमी ते जुने इंद्रजाल वाचलास काय?"

वाचलेत का? अरे बाबा!

आमच्या पिढीतल्या ज्यांचा काका-मामा मुंबईत चाकरमानी होता, त्यांना सांगायला नको. आमचा काका गणपतीला यायचा तेव्हा पिशवीत मोतीचूर, अगरबत्तीचे पुडे आणि तळाशी सुतळीनं बांधलेला इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा. बरेचसे अंक जुने, फुटपाथवरून घेतलेले. आमच्याकडे ते मिळणार कुठून? रेल्वे स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर अशी पुस्तकं टांगलेली असायची म्हणे, पण आमच्याकडे रेल्वेच नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली आणि इंद्रजाल बंद पडलं १९९० मध्ये. स्टेशन आलं तेव्हा वेताळ जाऊन आठ वर्षं झाली होती.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. टाइम्स ऑफ इंडिया काढणाऱ्या बेनेट कोलमन कंपनीनं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिले बत्तीस अंक निव्वळ वेताळाचे, म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाच्या फँटमचे. मग जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी वगैरे मंडळी आली. इंग्रजी, हिंदीबरोबर मराठी आणि आणखी काही भारतीय भाषांत अंक निघाले. आधी महिन्याला, मग पंधरवड्याला, ऐंशीच्या दशकात तर दर आठवड्याला. बंद पडेपर्यंत आठशेच्या वर अंक झाले. या कामात सुरुवातीला अनंत पै होते, आणि तिथून बाहेर पडून त्यांनीच १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली. म्हणजे या देशातल्या दोन सगळ्यात मोठ्या कॉमिक्सची नाळ एकच.

बंगालीत फँटमचं नाव झालं अरण्यदेव. हिंदीत वेताल, मराठीत वेताळ. आता मुंबईत बसून हे नाव ठरवणाऱ्याच्या डोक्यात विक्रम-वेताळ असणार. १९५२ पासून मराठीत येणाऱ्या 'चांदोबा'नं तो वेताळ घरोघरी नेलाच होता. पण हे नाव आमच्या जिल्ह्यात आलं तेव्हा गडबड झाली. कारण आमच्याकडे वेताळ झाडाला लटकत नाही. आमच्याकडे तो देव आहे.

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे. माणसाहून उंच मूर्ती, हातात तलवार. नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला. चपला साध्या नव्हेत, हातभर लांब. रात्री देव गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. माझी आजी त्या बाजूची. तिच्यासमोर मी पालथा पडून अंक वाचत होतो आणि दुसऱ्या अंकावर पाय पडला, तर काय कडाडली! "झिला, पाय लावू नको! वेतोबाचा नाव आसा त्येच्यार!" मी तिला चित्र दाखवलं. घट्ट कपडे, डोळ्यांवर पट्टी, कमरेला दोन पिस्तुलं. तिनं नीट पाहिलं आणि विचारलं, "ह्येच्या पायात चपला खय हत?"

बूट आहेत गो, म्हटलं. तिला ते काही पटलं नाही. पण त्या दिवसापासून गठ्ठा जमिनीवर ठेवायचा नाही, फळीवर ठेवायचा, असा घरात नियम झाला.

आज विचार केला की वाटतं, म्हातारीनं बरोबर ओळखलं होतं. फँटमची गोष्ट काय? १५३६ साली समुद्री चाचे एका जहाजावर हल्ला करतात, एक तरुण तेवढा वाचतो, किनाऱ्याला लागतो. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो की मी आणि माझे वंशज चाचेगिरी आणि अन्यायाविरुद्ध लढत राहू. बाप गेला की मुलगा तोच वेष चढवतो. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा एकच माणूस चारशे वर्षं जगतोय. आपण वाचतो तो एकविसावा. रात्री फिरणारा, न मरणारा, गावची राखण करणारा. पलीकडच्या अमेरिकेत १७ फेब्रुवारी १९३६ ला वर्तमानपत्रात सुरू झालेल्या पट्टीतला हा माणूस, आणि आमचा आरवलीचा. नाव ठेवणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना जुळून आलं.

अंगाला चिकटलेला वेष आणि मुखवटा घातलेला हा गडी सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधीचा, हेही जाता जाता लक्षात ठेवा. शिवाय त्याच्याकडे कसलीच दैवी शक्ती नाही. उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं. म्हणूनच तर आम्ही पोरं बॉलपेननं मुठीवर कवटी काढून एकमेकांच्या हनुवटीवर ठसे मारत फिरायचो. ते करायला उडता यावं लागत नव्हतं.

आता जी गोष्ट मला त्या पोराला सांगायचीय, आणि रस्त्यात उभ्यानं नीट सांगता आली नाही, ती इथे.

फॉकच्या सुरुवातीच्या पट्ट्यांत वेताळाचा मुलूख आपल्याच बाजूचा होता, 'बंगाल्या' की काय नावाचा. चाचे 'सिंग' नावाचे. बापाचा मारेकरी 'रामा'. आणि त्या सगळ्यांना वठणीवर आणणारा गोरा साहेब. इथल्या जंगलातले लोक त्याला पूजणार, त्याच्या गुहेबाहेर पहारा देणार. किपलिंगचा मोगली वाचून सुचलेलं जग ते. (किपलिंगचा जन्म मुंबईचा, पण ते असो.) पुढे फॉकनंच तो मुलूख आफ्रिकेत सरकवला. आणि इंद्रजालवाल्यांनी भारतात छापताना शहाणपणा केला. देशाचं नाव डेंकाली केलं, सिंगचं सिंगा आणि रामाचं रामालू. इथल्या वाचकाला काय खटकेल हे त्यांना कळत होतं.

पण नावं बदलली तरी गोष्टीचा कणा तोच राहिला. समुद्रावर लुटारू कोण? इथले. राखणदार कोण? बाहेरून आलेला.

मालवणात राहणाऱ्या माणसाला हे खुपलं पाहिजे. १५३६ मध्ये या समुद्रावर खरी दांडगाई कुणाची होती? गोवा १५१० मध्ये घेऊन बसलेल्या पोर्तुगीजांची. आपल्याच पाण्यातून आपलं गलबत न्यायला त्यांचा परवाना विकत घ्यावा लागे. कार्ताझ म्हणत त्याला. नसला तर गलबत जप्त. ह्याला कुणी चाचेगिरी म्हटलं नाही. पुढे महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, आरमार उभं केलं, मग कान्होजी आंग्रे आले, त्यांनी इंग्रजांकडे दस्तक मागितलं, तर इंग्रजांच्या कागदात ते झाले 'पायरेट'. मालवणचे दर्यावर्दीही त्याच यादीत. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला तेव्हा त्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस! विचार करा, आपण आज बोटीत बसून फोर्ट ऑगस्टस बघायला गेलो असतो. तो परवडेना म्हणून पैसे आणि हमी घेऊन कोल्हापूरकरांना परत दिला. शेवटी १८१२ च्या तहात मालवण त्यांनी घेतलंच, आणि कारण तेच, चाचेगिरीचा बंदोबस्त.

आपले सगळे धुतल्या तांदळासारखे होते असं मी म्हणत नाही. समुद्रावर लुटालूट सगळेच करत होते. पण लुटारू कुणाला म्हणायचं हे ज्याच्या हातात दौत होती त्यानं ठरवलं. आणि त्या दौतीतली थोडी शाई आमच्या लहानपणीच्या गठ्ठ्यापर्यंत आली होती. मी दहा वर्षांचा असताना किल्ल्याच्या तटावर उभा राहून, बोटात तारेची अंगठी घालून, समुद्रावर चाचे शोधत होतो. ज्या तटावरून ते 'चाचे' निघायचे त्याच तटावर!

म्हणून त्या पोराची पानं पाहून मी चमकलो. त्याच्या पाचव्या पानावर मुखवटेवाला तटावर उभा आहे आणि खालून चाच्यांची गलबतं येतायत. गलबतांवरचे लोक आपल्यासारखे दिसतात. पोरानं विचार करून काढलं नाहीये. वाचलं तसं काढलं.

परत काढायचं तर हे पान आधी बदल, असं माझं म्हणणं.

बदल करणं म्हणजे पाप नाही. वेताळ टिकला तोच बदलत. साय बॅरी या चित्रकारानं १९६१ पासून तीसेक वर्षं तो काढला, आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मुख्यतः त्याचा. फॉक १९९९ मध्ये वारला, पट्टी चालूच राहिली. ऑस्ट्रेलियात फ्रू नावाची कंपनी १९४८ पासून फँटमचे अंक काढतेय. स्वीडनमध्ये १९५० पासून निघतायत, तिथे त्याचा वेष निळा, आणि तिथल्या लोकांनी स्वतःचे लेखक-चित्रकार बसवून नव्या गोष्टी रचल्या. आपण मात्र भाषांतरं करत राहिलो. आणि टीव्हीवर आधी 'रामायण' मग 'महाभारत' आलं, पोरं पडद्यासमोर जाऊन बसली, कंपनीनं हिशेब बघून दुकान बंद केलं. तीन वर्षांनी त्यांचं 'इलस्ट्रेटेड वीकली'ही गेलं.

एक अपवाद होता, बहादूर. १९७६ च्या डिसेंबरात आबिद सुरतींनी तो आणला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. भगवा कुडता, खाली जीन्स, डाकूचा मुलगा, आणि गावकऱ्यांना एकत्र करून डाकूंशी लढणारा. गुहा नाही, सिंहासन नाही, गोरा रंग नाही. माझ्या मते इंद्रजालनं केलेलं सगळ्यात धाडसाचं काम ते. (हेच सुरती पुढे मीरा रोडला घरोघरी फिरून गळके नळ फुकट दुरुस्त करायला लागले. कॉमिक्सवाल्याला शोभेल असंच.)

परत आणण्याचे प्रयोग फसतात कसे तेही सांगतो. 'चांदोबा' आठवतो ना? २००७ मध्ये मुंबईच्या जिओडेसिक कंपनीनं चांदमामा विकत घेतलं, थाटामाटात नवं रूप दिलं, २०१३ मध्ये सगळं थंड. घेणाऱ्याचा धंदा सॉफ्टवेअरचा होता, तो बुडाला तसा चांदोबाही बुडाला. उलट भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बघा. २०१७ मध्ये सिनेमात अमेय वाघ फेणे झाला. फुरसुंगीचा शाळकरी पोरगा मोठा करून टाकला म्हणून आमच्यासारखे कुरकुरले, पण माझ्या भाचीनं सिनेमा बघून मूळ पुस्तकं मागितली. मला वाटतं ते जमलं.

मग पोरानं काय करावं? फँटमच काढायचा तर अमेरिकेतल्या किंग फीचर्सकडून परवाना घ्यावा लागेल, नाव-वेष-अंगठी सगळं त्यांच्या मालकीचं. फेसबुकवर चार पानं टाकणं वेगळं आणि छापून विकणं वेगळं. आणि नुसतं 'वेताळ' नाव ठेवून आपला नायक काढायचा, तर इथे ते नाव देवाचं आहे. आरवलीच्या वेतोबाला मुखवटा चढवलेला आमच्याकडे कुणाला चालणार नाही, मलाही नाही. उद्या कुणी पोलीस ठाण्यात अर्ज दिला तर त्याचीही बातमी मलाच करावी लागेल.

मी त्याला म्हटलं, "मेल्या, तुझो आपलो बहादूर काढ. गाबिताचो पोर घे. रापण ओढणारो, पर्ससीनवाल्यांशी भांडणारो." तो हसला. म्हणाला, "दादा, तो वाचतलो कोण? लोकांका वेताळ होयो." खोटं नाही बोलला. चाळीशीचे आपण सगळे त्या नावाला हळवे आहोत, आणि पैसे आपल्याच खिशातून येणार. पण मालिका काढायची तर वाचक दहा वर्षांचा हवा, आणि दहा वर्षांच्या पोराला वेताळ म्हणजे काय ते माहीतच नाही. त्याच्यासाठी दोन्ही नायक नवेच. हे म्हटल्यावर पोरगा गप्प झाला.

पुढच्या रविवारी तो पानं घेऊन घरी येतोय. पाचवं पान नव्यानं काढून आणतो म्हणालाय, गलबतांवर या वेळी कोण असेल ते सांगितलं नाही.

तोवर एक काम तुमच्याकडे. आमचा गठ्ठा घर शाकारताना रद्दीत गेला. कुणी दिला त्यावर घरात अजून वाद आहे. इंग्रजी-हिंदी इंद्रजाल जपणारे लोक देशभर आहेत, पण मराठी अंक बघायला मिळणं मुश्कील झालंय. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजोळी मराठी इंद्रजाल असतील तर मुखपृष्ठ आणि पहिल्या पानाचा फोटो इनबॉक्समध्ये पाठवा. अंक देऊ नका, फक्त फोटो. वाळवीनं खाल्लेला असला तरी चालेल. त्या पोराला ती जुनी मराठी वाचायचीय, आणि खरं सांगायचं तर मलाही.